एकाच होस्टिंग खात्यात पाच संकेतस्थळं ठेवावीत का?

कुळागरी
नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यात आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, त्यातच होमस्टे चालवतो. त्याचं एक संकेतस्थळ आहे. मेव्हण्याचं म्हापशात काजू-कोकमाचं दुकान आहे, त्याचं दुसरं; त्यावर ऑर्डरी येतात. तिसरं गावच्या देवस्थानाचं, चौथं आमच्या नाट्यमंडळाचं, पाचवं चुलत बहिणीच्या गायनवर्गाचं. पाचही वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बनवायची तयार प्रणाली) आहेत आणि पाचही मीच सांभाळतो.

आज पाचांची होस्टिंगं (संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा) पाच ठिकाणी आहेत. नूतनीकरणाच्या तारखा वेगळ्या, लॉगिन वेगळे, एकाचं पॅनेल (खातं सांभाळायचं पान) दुसऱ्यासारखं नाही. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं होस्टिंग दुसऱ्या वर्षी भलतंच महाग होतं, आणि तसं पाच ठिकाणी झालं की खिशाला चांगलंच जाणवतं. आता एका कंपनीचा प्लॅन पाहिला: एकाच खात्यात शंभर संकेतस्थळं, जागा भरपूर, एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) फुकट. सगळं तिथे हलवावं असं मला वाटतंय. पैसे वाचतील आणि माझा वेळही वाचेल.

ज्यांनी असं केलंय त्यांनी अनुभव सांगावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

रापणकार
होतं, अगदी व्यवस्थित होतं. आधी हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

सुरुवातीच्या काळात साधारणपणे एका आयपी पत्त्यावर (सर्व्हरचा आकडी पत्ता) एकच संकेतस्थळ असायचं. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम) आलं आणि त्यात 'होस्ट' हेडर सक्तीचं झालं. म्हणजे ब्राउझर सर्व्हरकडे जातो तेव्हा आपल्याला कोणत्या नावाचं संकेतस्थळ हवंय तेही सांगतो. सर्व्हर ते नाव बघून त्या नावाच्या फोल्डरमधली पानं देतो. झालं एवढंच. शेअर्ड होस्टिंगचा सगळा व्यवसाय या एका ओळीवर उभा आहे. एचटीटीपीएसची (सुरक्षित जोडणीची) अडचण मात्र बरीच वर्षं राहिली, कारण प्रमाणपत्र दाखवायची वेळ होस्ट हेडर पोचायच्या आधी येते. तो प्रश्न एसएनआयने (हवं ते नाव जोडणी करतानाच सांगायची सोय) सुटला, आणि २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी सेवा सर्वांसाठी खुली झाल्यावर प्रमाणपत्राचा खर्चही गेला.

सी-पॅनेल या पॅनेलमध्ये दुसरं डोमेन (संकेतस्थळाचं नाव) जोडणं म्हणजे 'अॅडऑन डोमेन'. हल्ली ते 'डोमेन्स' या पानावरून जोडतात. तिथे 'शेअर डॉक्युमेंट रूट' अशी एक खूण असते, ती काढून टाका. नाहीतर दोन्ही नावांवर एकच संकेतस्थळ दिसेल.

आणि फोल्डर कुठे ठेवायचा ते नीट ठरवा. नवीन डोमेनचा फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या (मुख्य संकेतस्थळाच्या फोल्डरच्या) आत टाकलात, तर मुख्य संकेतस्थळाच्या .एचटीअॅक्सेस फाइलमधले नियम आतल्या फोल्डरांनाही लागतात. मुख्य संकेतस्थळ दुरुस्तीसाठी पासवर्डाखाली ठेवलंत की देवस्थानाचं पानसुद्धा भाविकांकडे पासवर्ड मागायला लागेल! शिवाय मुख्य डोमेनपुढे फोल्डरचं नाव लिहिलं की तेच संकेतस्थळ तिथेही उघडतं, आणि गूगलला एकाच मजकुराच्या दोन प्रती दिसतात. म्हणून प्रत्येक डोमेनचा फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर, शेजारी ठेवा.

शेवंती
रापणकार, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

वडाचीसावळी
तंत्राच्या दृष्टीने जमेल यात शंका नाही. माझा आक्षेप दुसराच आहे. कुळागरी बाब, या पाचांतली तुमची स्वतःची किती? होमस्टे तुमचं. दुकान मेव्हण्याचं, वर्ग बहिणीचा, नाट्यमंडळ सगळ्यांचं आणि देवस्थान महाजनांचं (देवस्थानाच्या सभासदांचं).

देवस्थानाच्या समितीत मी काम केलंय. समिती बदलते तेव्हा जुनी समिती नव्या समितीच्या हाती वह्या देते, दागिन्यांची यादी देते, किल्ल्या देते, बँकेतल्या सह्या बदलतात. संकेतस्थळ मात्र कोणाच्या तरी खासगी खात्यात असतं आणि ते सुपूर्द करायच्या यादीत कधी येतच नाही. उद्या नवी समिती म्हणाली, "आमचा लॉगिन आम्हाला द्या", तर तुम्ही काय देणार? त्याच लॉगिनमध्ये तुमच्या पाहुण्यांचं बुकिंग आहे आणि मेव्हण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्तेही आहेत.

पैशाचा प्रश्न असेल तर समितीकडे मागा. उत्सवाच्या मंडपाला आणि रोषणाईला जो खर्च होतो त्याच्यापुढे होस्टिंगचा वर्षाचा खर्च किरकोळ आहे. देवस्थानाचं डोमेन समितीच्या नावावर, समितीच्या ईमेलवर, वेगळ्या खात्यात हवं. याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही.

खाजन
+१. डोमेन कोणाच्या नावावर आहे हे तर सगळ्यात आधी तपासा. होस्टिंग एका दिवसात बदलता येतं. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर वर्षानुवर्षं हेलपाटे मारावे लागतात.

मांडवीकाठ
मला वाटतं आपण थोडं घाबरवतोय त्यांना. माझी केकची ऑर्डर घेणारी साइट, माझा पाककृतींचा ब्लॉग आणि मैत्रिणीच्या कुणबी साड्यांची साइट, तिन्ही कित्येक वर्षं एकाच खात्यात आहेत. एकदाच पैसे भरायचे, एकाच ठिकाणी बॅकअप बघायचा. मी तंत्रज्ञ नाही, आणि पाच पॅनेलं सांभाळायची असती तर मी एकही धड सांभाळलं नसतं. पाच विखुरलेल्या खात्यांपैकी तीन अपडेटविना पडून राहण्यापेक्षा एका खात्याकडे रोज लक्ष असणं केव्हाही बरं.

वडाचीसावळी, देवस्थानाबद्दल तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं.

पॅनेलवाला
मी पणजीत हेच काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

"शंभर संकेतस्थळं" आणि "अमर्याद जागा" हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. खरी मर्यादा अटींच्या पानात असते. विकत घेण्याआधी तीन आकडे विचारा: आयनोड किती, एन्ट्री प्रोसेस किती, मेमरी किती.

आयनोड म्हणजे फायली आणि फोल्डर यांची मोजणी. जागा शिल्लक असली तरी आयनोड संपले की नवी फाइल तयार होत नाही. आणि ते किती पटकन भरतात ते बघा. कुळागरातला मोबाइलने काढलेला एक मोठा फोटो वर्डप्रेसमध्ये चढवला की मूळ फोटो राहतो, एक २५६० पिक्सेलची प्रत होते, आणि मग २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० च्या लहान प्रती. एका फोटोच्या आठ फायली. दुकानाला वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायची जोडणी) असेल तर ते आपल्या आकाराच्या आणखी प्रती करतं. कॅशे प्लगिन (तयार पान साठवणारी वर्डप्रेसची जोडणी) प्रत्येक पानाची फाइल ठेवतं. त्याच खात्यात ईमेल असेल तर एक पत्र म्हणजे एक फाइल. पाच वर्डप्रेस आणि पाच मेलबॉक्स एकत्र आले की आकडा लाखाकडे सरकायला वेळ लागत नाही. पॅनेलच्या उजव्या बाजूच्या आकडेवारीत 'फाइल युसेज' म्हणून तो दिसतो.

दुसरं, एन्ट्री प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या विनंत्या. बऱ्याच कंपन्या सर्व्हरवर क्लाउडलिनक्स वापरतात. ते प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी आणि एकाच वेळी चालणाऱ्या विनंत्यांची मर्यादा घालतं. ही मर्यादा खात्याला असते, संकेतस्थळाला नाही. हेच नीट लक्षात घ्या. एकत्र कुटुंबाचं मोठं घर असावं आणि विजेचा मीटर एकच असावा, तसं हे आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी पालखी किती वाजता, नाटक कोणतं, गाडी कुठे लावायची हे बघायला सगळा गाव आणि मुंबई-पुण्याचे महाजन एकदम देवस्थानाच्या पानावर आले, की खात्याची मर्यादा भरते आणि ५०८ चा संदेश दिसायला लागतो. तो फक्त देवस्थानाच्या पानावर दिसत नाही. त्याच क्षणी तुमच्या होमस्टेची खोली बुक करणाऱ्यालाही तोच दिसतो, आणि मेव्हण्याचं गिऱ्हाईक पैसे भरता भरता अडकतं.

यावर उपाय आहेत. पानांची कॅशे नीट लावली तर बहुतेक भेटींना पीएचपी (पान नव्याने बनवणारा प्रोग्राम) चालवावंच लागत नाही. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय) बंद करून पॅनेलमधून खरं क्रॉन लावा, आणि पाचही संकेतस्थळांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा. एकाच मिनिटाला पाचही जागी झाली की तेवढ्यानेही खातं अडतं.

कुळागरी
पॅनेलवाला, एन्ट्री प्रोसेस हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. त्या प्लॅनच्या अटी आत्ता उघडून वाचल्या: एका वेळी २०, आणि आयनोड दोन लाख. शंभर संकेतस्थळांना मिळून!

वडाचीसावळी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. देवस्थानाचं डोमेन मागच्या समितीतल्या एका सदस्याच्या वैयक्तिक ईमेलवर आहे. त्यांच्याशी बोलतो.

रापणकार
मीटरचं उदाहरण पटतंय, पण मांडवीकाठ यांच्यासारख्या तीन छोट्या साइटना २० पुष्कळ झाल्या. एक विनंती अर्ध्या सेकंदात संपत असेल तर २० म्हणजे एका वेळी पान बघणारी २० माणसं नव्हेत. पान उघडल्यावर माणूस वाचत बसतो, तेवढा वेळ सर्व्हर मोकळाच असतो. भीती गर्दीची नाही. भीती आहे एखाद्या संथ प्लगिनची, जे प्रत्येक विनंतीला आठ-दहा सेकंद धरून बसतं.

पॅनेलवाला
बरोबर, आणि बॉटचीही. लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपटत बसणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) माणसांपेक्षा जास्त विनंत्या करतात.

तांबडीमाती
बॉटवरून आठवलं. सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, आणि माझ्या मते मुख्य मुद्दा तोच आहे.

शेअर्ड सर्व्हरवर केजएफएस वगैरे जी सोय असते ती एका खात्याला दुसऱ्या खात्यापासून वेगळं ठेवते. एकाच खात्याच्या आतल्या संकेतस्थळांमध्ये मात्र सहसा कसलीच भिंत नसते. पाचही एकाच युजरच्या नावावर चालतात. म्हणजे नाट्यमंडळाच्या संकेतस्थळावर एखादं जुनं स्लायडर प्लगिन अपडेट न करता राहिलं आणि त्यातून कोणी आत शिरलं, तर तो शेजारच्या फोल्डरमधली दुकानाची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल सहज वाचतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. पुढे गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन, सगळं त्याच्या हातात.

आणि साफसफाईचा त्रास वेगळाच. एक संकेतस्थळ स्वच्छ करा, तोवर दुसऱ्यात लपलेली फाइल पहिल्याला पुन्हा बिघडवते. पाचही एकदम बंद करून साफ करावी लागतात. एका ओळखीच्या माणसाच्या खात्यात हे झालं तेव्हा कंपनीने अख्खं खातंच थांबवलं, कारण त्यातून स्पॅम जायला लागला होता. त्याची सगळी संकेतस्थळं एकदम अंधारात गेली, धडधाकट होती तीसुद्धा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो, आणि पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. म्हापशाच्या दुकानदाराला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक पत्ता देतं ते विश्वासाने, आणि तो पत्ता नाट्यमंडळाच्या जुन्या प्लगिनच्या भरवशावर ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

माटोळी
मग वर्डप्रेस मल्टिसाइट का नको? एकच वर्डप्रेस, त्यात पाच संकेतस्थळं. अपडेट एकदाच. ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून ही सोय मूळ वर्डप्रेसमध्येच आहे.

तांबडीमाती
एका संस्थेच्या शाखा असतील तर मल्टिसाइट उत्तम. म्हणजे एका शिक्षण संस्थेच्या डिचोली, साखळी, वाळपई इथल्या शाळा, सगळ्यांची मांडणी सारखी, सांभाळणारा एक. इथे मालकच पाच आहेत. मल्टिसाइटमध्ये वापरणाऱ्यांची यादी एकच असते, डेटाबेस एकच असतो, प्लगिनही एकाच ठिकाणी. बहीण उद्या म्हणाली, "माझा वर्ग वेगळा काढून दे", तर ते सोडवायला भरपूर घाम गाळावा लागेल. अॅडऑन डोमेन निदान वेगळं काढता येतं. होस्टिंग कंपनीकडे डब्ल्यूएचएममध्ये (सगळी खाती सांभाळायचं कंपनीचं पॅनेल) अॅडऑन डोमेनचं स्वतंत्र खातं करून द्यायची सोयही असते.

दर्यावर्दी
मग रीसेलर घ्या! खातं एक, बिल एक, पण आत प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र सी-पॅनेल. भिंतही आली, मीटरही वेगळे झाले. कुळागरी यांना जे हवंय ते नेमकं हेच.

पॅनेलवाला
मी हेच सुचवणार होतो. एकच सांगतो: २०१९ मध्ये सी-पॅनेलने परवान्याचा दर सर्व्हरमागे न ठेवता खात्यांच्या संख्येवर नेला, तेव्हापासून स्वस्त रीसेलर प्लॅन कमी झाले. त्यामुळे बऱ्याच कंपन्या डायरेक्टअॅडमिन किंवा स्वतःचं पॅनेल देतात. तेही चांगलं चालतं. फक्त आधी पॅनेल बघून घ्या.

गडगा
मराठी मजकुराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विषय जवळचाच आहे.

जुन्या होस्टिंगवरून डेटाबेस नवीन ठिकाणी नेताना मराठीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसतात ना, ते डेटाबेसच्या कॅरॅक्टर सेटमुळे (अक्षरं साठवायच्या पद्धतीमुळे). खूप जुनी संकेतस्थळं लॅटिन१ मध्ये असतात. देवनागरीला मायएसक्यूएलचं साधं यूटीएफ८ पुरतं, कारण आपली अक्षरं तीन बाइटांत बसतात. इमोजीला मात्र चार लागतात, त्यासाठी यूटीएफ८एमबी४ हवं. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीपासून तेच स्वीकारलं. हलवण्याआधी पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस बघायच्या साधनात प्रत्येक टेबलचं कोलेशन बघा. निर्यात आणि आयात दोन्हीकडे एकच कॅरॅक्टर सेट ठेवा. आणि प्रश्नचिन्हं दिसली तर त्यावर काही लिहू नका, संपादन करून जतन करू नका. मूळ निर्यात फाइल हातात आहे तोवर मजकूर परत मिळतो.

शेवंती
अवांतर: देवस्थानाला देवनागरीतलंच डोमेन घेता येईल का? .भारत वर?

गडगा
येईल. देवनागरीतलं .भारत २०१४ च्या ऑगस्टपासून मिळतं. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्यात येतात. .इन चालवणारी निक्सी हीच संस्था तेही चालवते. आतमध्ये ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवलं जातं, त्यामुळे पॅनेलमध्ये ते विचित्र दिसेल, घाबरू नका. छापील पत्रिकेवर किती सुंदर दिसतं! पण ईमेलसाठी वापरू नका. अजूनही कित्येक फॉर्म असा पत्ता स्वीकारत नाहीत. मुख्य डोमेन रोमन ठेवा आणि देवनागरी त्याच्याकडे वळवा.

खाजन
अवांतरातून मिळालेली माहिती मूळ धाग्याइतकीच उपयोगाची निघाली!

मांडवीकाठ
तांबडीमाती यांचं वाचून मी आत्ताच तिन्ही साइटचे प्लगिन तपासायला बसले. मैत्रिणीच्या साइटवर वापरात नसलेली प्लगिनं निघाली, ती काढून टाकली. नुसती बंद करून ठेवायची नाहीत, पूर्ण काढायची, बरोबर ना?

तांबडीमाती
अगदी बरोबर. बंद प्लगिनची फाइल सर्व्हरवर असतेच, आणि तिच्यात भोक असेल तर थेट त्या फाइलला हाक मारता येते. जुन्या थीमचंही तेच. एक वापरातली, एक वर्डप्रेसची मूळ, बाकी काढा.

वीजनाही
मी व्हीपीएसवाला (स्वतःचा आभासी सर्व्हर भाड्याने घेणारा). एनजिनक्स हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाका, प्रत्येक संकेतस्थळाला एक सर्व्हर ब्लॉक, प्रत्येकाला वेगळा लिनक्स युजर, वेगळा पीएचपी पूल. भिंती तुम्हीच बांधा. मर्यादा तुमच्या हातात आणि मुंबईतही सर्व्हर मिळतात, त्यामुळे पान पटकन उघडतं.

रापणकार
वीजनाही, हे तुमच्या-माझ्यासाठी ठीक. कुळागरी पहाटे सुपारीच्या बागेत असतात, दुपारी पाहुण्यांचं जेवण, रात्री नाटकाची तालीम. सर्व्हरचे सुरक्षा अपडेट, ईमेलची रांग, फायरवॉल हे सगळं त्यांनी कधी बघायचं? ज्याला कमांड लाइनची आवड आहे त्याने व्हीपीएस जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या मॅनेज्ड होस्टिंगवर घालावेत.

वीजनाही
मान्य. पण एक सांगतो: नाट्यमंडळाला वर्डप्रेस हवंच कशाला? वर्षातून दोन-तीनदा बदलणारी चार पानं. साधी एचटीएमएल पानं करा आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवा. डेटाबेस नाही, प्लगिन नाही, घुसखोराला शिरायला दार नाही. गायनवर्गालाही तेच पुरेल. असल्या साइट कमी केल्या की होस्टिंगचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

माटोळी
हे मला फार आवडलं. उत्सवाच्या नाटकांचे जुने फोटो, कलाकारांची नावं, हस्तपत्रिका, हे सगळं तर कधी बदलतच नाही. ते वीस वर्षांनीही उघडायला हवं. त्यासाठी साधं पानच उत्तम.

शिंपलं
ईमेलबद्दल कळकळीची विनंती: होस्टिंगच्या खात्यात ईमेल ठेवू नका. पाच डोमेनांचे पाच मेलबॉक्स त्याच जागेत, त्याच आयनोडमध्ये. जागा भरली की संकेतस्थळ अडतं आणि पत्रंही परत जातात. आणि एका फॉर्ममधून स्पॅम गेला की सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत, मग होमस्टेचं बुकिंग पक्कं झाल्याचं पत्र पाहुण्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. वेगळी ईमेल सेवा घ्या, एमएक्स नोंद (डोमेनची पत्रं कुठे पोचवायची ते सांगणारी) तिकडे वळवा, आणि प्रत्येक डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पत्र खरंच आपल्या डोमेनचं आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) लावा. गूगल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून हे नियम कडक केले आहेत. डीमार्कची सक्ती मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना आहे, पण लहानांनीही लावलं तर पत्र पोचायची शक्यता वाढते.

दर्यावर्दी
आणि बॅकअप! एकाच खात्यात सगळं असेल तर खात्याचा पूर्ण बॅकअप परत टाकताना पाचही संकेतस्थळं त्या तारखेला मागे जातात. बहिणीच्या पानावरची चूक दुरुस्त करायला गेलात आणि दुकानाच्या दोन दिवसांच्या ऑर्डरी पुसल्या, असं व्हायला नको. प्रत्येक संकेतस्थळाचा फोल्डर आणि डेटाबेस वेगवेगळा उतरवून ठेवा.

आणि तो होस्टिंग कंपनीच्याच इमारतीत ठेवू नका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच जागी होता त्यांचं बरंच काही कायमचं गेलं. एक प्रत घरी हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर. आणि अधूनमधून परत टाकून बघा, नुसती साठवून उपयोग नाही.

काजूबी
मी हिशेबाचं काम करते, म्हणून एक मुद्दा. होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकान जीएसटीमध्ये नोंदलेलं असेल तर तो कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो, पण बिल दुकानाच्या नावावर आणि दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर हवं. कुळागरी यांच्या नावावरच्या एकत्र बिलातून दुकानाला काहीच मिळणार नाही. देवस्थानाच्या हिशेबातही खर्चाला देवस्थानाच्या नावाचं बिल लागतं. म्हणजे वडाचीसावळी जे म्हणाले तेच, दुसऱ्या वाटेने.

वडाचीसावळी
काजूबी बाय, हे फार चांगलं सांगितलंत. लेखापरीक्षणात अशाच खर्चाला पहिला प्रश्न येतो.

कुळागरी
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. मेव्हण्याशी आणि समितीच्या अध्यक्षांशी बोलणंही झालं. आता असं ठरतंय:

देवस्थान वेगळं. समितीच्या ईमेलवर नवीन खातं, बिल देवस्थानाच्या नावावर, लॉगिन सुपूर्द करायच्या यादीत लिहून ठेवायचं. अध्यक्षांनी लगेच होकार दिला. दुकानही वेगळं, मेव्हण्याच्या जीएसटी क्रमांकावर. नाट्यमंडळाची साधी पानं करायची. वीजनाही, तुमची मदत लागेल. आमच्या मंडळातल्या मुलांना शिकायची हौस आहे. उरले होमस्टे आणि गायनवर्ग, ते दोन मात्र मी एकाच खात्यात ठेवणार. दोन्ही घरचीच, दोन्हीकडे गर्दी कमी, आणि बहिणीची हरकत नाही.

म्हणजे पाचाचं एक न होता तीन खाती होतात, आणि पैसे तरीही आजच्यापेक्षा कमीच लागतील. आता प्रश्न हलवण्याचा. आधी काय हलवावं? आणि हलवताना बंद पडू नये म्हणून काय करावं?

पॅनेलवाला
फार समंजस विभागणी केलीत.

वेळ हंगाम बघून ठरवा. होमस्टे पावसाळ्यात हलवा, जून-जुलैत, बुकिंग कमी असतं तेव्हा. दुकान मार्च ते मेमध्ये हलवू नका, नवीन काजू बाजारात येतो तो काळ. देवस्थान जत्रा आणि चवथीपासून लांबच्या महिन्यात. सगळ्यात आधी गायनवर्ग, कारण तिथे हात बसेल.

क्रम असा ठेवा. हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसमधली (डोमेनच्या नोंदींमधली) टीटीएल, म्हणजे नोंद लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. फायली आणि डेटाबेस नवीन जागी टाका. मग तुमच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेन आणि नवीन आयपी लिहा, म्हणजे फक्त तुम्हाला नवीन जागचं संकेतस्थळ दिसेल, जगाला जुनंच. सगळी पानं उघडा, फॉर्म भरा, दुकानाची एक चाचणी ऑर्डर टाका. ठीक वाटलं की ए नोंद (डोमेनचा आयपी सांगणारी) बदला. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर दोन दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तो वेळ टीटीएलने कमी होत नाही. जमल्यास फक्त नोंद बदला. दुकानासाठी ए नोंद बदलण्यापूर्वी जुन्या जागी ऑर्डर घेणं थांबवा, आणि शेवटचा डेटाबेस पुन्हा एकदा उतरवून नवीन जागी टाका.

शिंपलं
आणि काहीही बदलण्याआधी जुन्या डीएनएसच्या पानाचा पूर्ण फोटो काढून ठेवा. एमएक्स आणि टीएक्सटीच्या (एसपीएफ वगैरेंच्या) नोंदी नवीन जागी आपोआप येत नाहीत. संकेतस्थळ छान उघडतं आणि ईमेल बंद पडलंय हे उशिरा कळतं.

कुळागरी
देव बरें करूं, मंडळी. होस्ट्स फाइल विंडोजमध्ये उघडते, पण जतन होत नाही. काय करू?

रापणकार
नोटपॅडवर उजवी टिचकी मारून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि मग त्यातून फाइल उघडा. फाइल निवडताना खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' करा, नाहीतर ती दिसणारच नाही. आणि काम झालं की ती ओळ काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी आयपी बदलला तर फक्त तुमच्याच संगणकावर संकेतस्थळ उघडणार नाही.